कॉइलचं जाकीट

लोणावळ्याजवळच्या वलवणात श्रीपती ओव्हाळांना सगळे आबा म्हणतात. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घरासमोरच त्यांचं पत्र्याचं शेड आहे, आणि शेडमध्ये गाडी नेली की ती उघडून बघायच्या आधी निकाल मिळतो. हात पाठीमागे बांधून आबा गाडीभोवती एक फेरी मारतात, पत्र्यावर टिचकी मारतात आणि सांगतात, "पेट्रोल खराब हाय." नाहीतर, "प्लग मेलाय." निकाल चुकला तर दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि तोही पहिल्याइतक्याच खात्रीनं. "मला म्हाईत न्हाई" असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, इंद्रायणीबाईंनीसुद्धा नाही, आणि त्या तर लग्न झाल्यापासून ऐकायला टपून बसल्या होत्या.

एवढं सांगितल्यावर कुणालाही वाटेल की माणूस नुसता बोलघेवडा असणार. तसंही नव्हतं. देहूरोडच्या डेपोत लष्कराचे ट्रक खोलण्यात आणि जोडण्यात आबांची उमेदीची वर्षं गेली होती. हाताला वळण होतं, नट किती आवळायचा हे मनगटाला समजत होतं. पण हात कुशल असला की तोंडही बरोबरच बोलतं, अशी एक समजूत माणसाची होऊन बसते. आबांची झालीच होती, आणि निवृत्तीनंतर स्वतःचं शेड टाकल्यावर त्यांना अडवायला वरचा साहेबही उरला नाही.

आबांच्या सगळ्या कर्तबगारीत वरचा नंबर होता कॉइलच्या जाकिटाचा. आमच्याकडे पाऊस पडतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. जूनपासून पुढं माणसं दिसेल त्या वस्तूला प्लॅस्टिक गुंडाळतात. स्कूटरची सीट, मीटरचा डबा, जळण, कोंबड्यांचं खुराडं, काही म्हणता काही उघडं ठेवत नाहीत. प्लगला करंट देणारी जी कॉइल असते तिच्यावर पाणी उडालं की गाडी खोकत खोकत बंद पडते, म्हणून बाकीचे मेकॅनिक तिच्यावर दुधाची पिशवी चढवून रबर लावायचे. आबांना ते गावंढळ वाटलं. त्यांनी बाहेरून रेक्झीन, आतून जुन्या घोंगडीचं अस्तर, कडेला लाल गोट आणि बुटासारखी नाडी असं जाकीट काढलं. इंद्रायणीबाई ते मशीनवर शिवायच्या. आबांच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला ते मिळायचं, मागा किंवा मागू नका. आणि खरं सांगायचं तर पावसात त्या गाड्या पळायच्या. उन्हाळ्यात त्यातल्या काही रुसायच्या, पण त्याला आबांकडे पेट्रोल, घाट आणि चालवणारा अशी कारणं तयार होती.

चालवणारा हे कारण त्यांनी सगळ्यात जास्त वापरलं ते स्वतःच्या पोरावर. सुहासला तळेगावच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्यानं मोटारसायकल घेतली. गाडी दारात आली त्याच दिवशी आबांनी टाकी काढून तिच्या कॉइलला जाकीट चढवलं, नाडी स्वतःच्या हातानं बांधली. तेव्हापासून ती गाडी वडगावच्या आसपास तापायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. सुहासनं आबांना सांगितलं, आबांनी फेरी मारली, टिचकी मारली आणि निकाल दिला, "तुला गाडी चालवता येत न्हाई. हाफ क्लच मारतोस." हे घरात सांगून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. शेडसमोरच्या सलूनमध्ये दाढी करताना सांगितलं, बुद्धविहारातल्या बैठकीत सांगितलं, सुहासच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांनाही चहाबरोबर सांगितलं. दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी न्यावी, तर ओव्हाळांच्या पोरानं बापाचं शेड ओलांडून पुढं जायचं, हे वलवणात शोभलं नसतं. शेवटी सुहासनं मोटारसायकल घरामागं नेऊन लावली, तिच्यावर निळं प्लॅस्टिक टाकलं आणि लोकलनं जायला लागला. भांडला नाही. फक्त त्या दिवसापासून त्यानं बापाला गाडीविषयी एक अक्षर विचारलं नाही.

मग घरच्या व्हॅनचं इंजिन गेलं. जुनी व्हॅन, सीटखाली इंजिन असलेली. आबांनी हायवेवर अपघातात चेपलेल्या एका नव्या व्हॅनचं इंजिन भंगारवाल्याकडून आणलं, चेनब्लॉक लावून जुनं उतरवलं, नवीन चढवलं. काम इतकं सफाईनं केलं की बघणारे खूश झाले. जुन्या इंजिनाची कॉइल लांब, चाकाच्या बाजूला पत्र्यावर होती आणि चाकाचं पाणी थेट तिच्यावर उडायचं. नव्याची कॉइल इंजिनाच्या अंगावरच, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून वीतभर अंतरावर. आबांनी ते पाहिलं, जागा अडचणीची आहे म्हणाले आणि जाकीट तिथं चढवलं.

व्हॅन सकाळी अशी चालू व्हायची की शेजाऱ्यांना हेवा वाटावा. पण तापली की बंद. काही खडखडाट नाही, धूर नाही. मधेच दिवा मालवावा तशी गप्प व्हायची, आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तयार.

आबांनी कार्ब्युरेटर धुतला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते असं ठरवून नळीला ओलं फडकं गुंडाळलं. दर वेळी "सापडलं!" म्हणून आरोळी दिली आणि दर वेळी व्हॅन तुंगार्लीच्या चढावर जाऊन थांबली. कॉइलचा संशय त्यांना आला नव्हता असं नाही. तापलेली कॉइल करंट सोडते, हे डेपोत पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि तपासायची रीतही सोपी. गाडी बंद पडली की कॉइलवर गार पाणी ओतायचं. लगेच चालू झाली तर दोष कॉइलचा. आबांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जाकिटावरून ओघळत खाली गेलं. व्हॅन चालू झाली नाही. "कॉइल ठणठणीत," आबा म्हणाले. जाकिटाच्या आत एक थेंब शिरला नाही हे बघून त्यांना मनातून बरंच वाटलं. प्लग काढून करंट बघावा, तर पुढची सीट उचलून, बोटं भाजत प्लग काढेपर्यंत इंजिन निवायचं आणि करंट हजर असायचा.

एका संध्याकाळी सुहास कामावरून आला तेव्हा आबा व्हॅनच्या पोटात डोकं घालून बसले होते. तो ओट्यावर टेकला.

"आबा, एक बोलायचंय. तुंगार्लीचे एकजण शेड मागतायत. भज्यांचं सेंटर टाकायचं म्हनत्यात. पर्यटकांची गाडी हितंच थांबती."

"माझ्या शेडात भजी?"

"गिऱ्हाईक किती येतंय आता? चेन वढून पाठ धरती तुमची. आन् स्वतःची गाडी तर..." एवढं बोलून तो थांबला. वाक्य अर्धं सोडलं तरी पुरं पोचलं.

आबा वर आले. हात पुसले. शेड गेलं की आपण सकाळी उठून करायचं काय, ह्या प्रश्नाला त्यांच्याकडे निकाल नव्हता, आणि निकाल नसला की त्यांना राग यायचा. "पंचवीस डिसेंबरला देहूरोडच्या विहाराचा वर्धापनदिन, तिथं जायचंच हाय," ते म्हणाले. "ह्याच गाडीनं जाऊ. एकदा जरी बंद पडली, तर दे शेड भज्याला. न्हाई पडली तर परत विषय काढायचा न्हाई."

"चालंल," सुहास म्हणाला. त्याला वाईटही वाटलं, कारण निकाल काय लागणार हे त्याला दिसत होतं.

पंचवीस डिसेंबरला सकाळी सगळे पांढरे कपडे घालून निघाले. आबा गाडीवर, मागं सुहास आणि इंद्रायणीबाई, पुढच्या सीटवर आबांची थोरली बहीण आक्काबाई. आक्काबाईंचा आग्रह असा की पुढं बसल्याशिवाय त्यांना मळमळतं. इंजिन त्यांच्याच सीटखाली, त्यामुळे गाडी बंद पडली की आधी त्यांना उतरवावं लागायचं, आणि त्या उतरताना बोलायच्या.

कामशेतच्या खिंडीत पुढं ट्रक रांगत होता. त्याच्यामागं रांगत व्हॅन खाली बाजारात उतरली आणि सिग्नल दिल्यासारखी थांबली. आबांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मागून हॉर्न सुरू झाले.

"झालं, आबा," सुहास हळूच म्हणाला.

"काय झालं?" आक्काबाई म्हणाल्या. "मी आजून उतरलेबी न्हाई."

"पैज झाली, आत्या."

आक्काबाईंनी पदर सावरला. घरात वयानं त्याच मोठ्या, आणि तेवढं त्यांना पुरायचं. "वंदनेला जाताना कुनी पैज लावतं का रं? जायाचं धरायचं न्हाई. यायाचं धरा. शिरपा, उतरू दे मला, बूड भाजलं माजं."

सुहास हसला आणि कबूल झाला. बापाला एवढी सवलत द्यायला त्याचं काही जात नव्हतं.

गाडी कडेला ढकलताना एक माणूस धावत मदतीला आला. बाजीराव त्याचं नाव, कामशेतचाच, भाजीचा धंदा. त्याचीही व्हॅन शेजारीच उभी होती, आणि तिला तेच नव्या धाटणीचं इंजिन. आबांनी पुढची सीट उचलली तसा बाजीराव वाकून बघायला लागला.

"भाऊ, हे लाल गोटाचं काय बसवलंय हो?"

इंजिन बंद, पैज टांगणीला, मागं हॉर्न वाजतायत, पण आबांचा चेहरा खुलला. "जाकीट हाय. कॉइलचं. पावसात गाडी बंद पडत न्हाई ह्याच्यानं." रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपाशी उभं राहून हे सांगताना त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

"वा! शिलाई काय झ्याक केलीया. माझी गाडी पावसात लय त्रास देती बघा."

आबांनी तिथल्या तिथं नाडी सोडली, जाकीट काढलं, अस्तर उलटं करून दाखवलं. बाजीराव इतकं कौतुक करत होता की शेवटी आबांना राहवेना. "घ्या तुमालाच. आमच्याकडं घरी शिवत्यात." आणि नुसतं देऊन थांबतील तर ते आबा कसले. बाजीरावच्या व्हॅनची सीट उचलून त्यांनी स्वतः जाकीट चढवलं, नाडीची गाठ मारून दिली, वर आपला फोन नंबरही दिला. तोवर त्यांची व्हॅन निवली होती. जाताना अंगात आलेल्या उत्साहात त्यांनी टाकीचं झाकण काढलं, जागी फडकं कोंबलं आणि जाहीर केलं, "झाकनाचं भोक बुजलंय. टाकीत हवा जात न्हाई म्हनून पेट्रोल येत न्हाई. सापडलं."

"सापडलं," इंद्रायणीबाई मागून म्हणाल्या. त्यांनी ही आरोळी ह्या महिन्यात बरेचदा ऐकली होती.

देहूरोडपर्यंत व्हॅन थांबली नाही. वंदना झाली, ओळखीची माणसं भेटली, आक्काबाईंनी डेपोतल्या जुन्या सोबत्यांच्या बायकांना घरातली सगळी खबर दिली. परतीला निघाले तेव्हा खरी परीक्षा होती, कारण नाताळची सुट्टी घेऊन सगळं शहर लोणावळ्याकडे निघालं होतं. सोमाटण्यापासून गाड्या एकमेकींच्या मागं चिकटल्या होत्या. थांब, चल, थांब, चल. व्हॅन तापली, आक्काबाई तापल्या, पण इंजिन काही बंद पडेना. वडगाव गेलं, कामशेतची खिंड गेली, कार्ल्याचा फाटा गेला. आबांनी आरसा असा फिरवून घेतला की त्यात सुहासचं तोंड दिसावं. वलवणला घरापुढं व्हॅन उभी केल्यावरही त्यांनी इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून, चालू इंजिनाशेजारी कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले.

"टाकीचं झाकन," ते म्हणाले.

"जिंकलात, आबा," सुहास म्हणाला, आणि शेडचा विषय त्यानं बंद केला.

पुढचे काही दिवस वलवणला टाकीच्या झाकणाशिवाय दुसरी वार्ता नव्हती. सलूनमध्ये तर आबांनी ते आकृती काढून समजावलं. बारक्या बिघाडाला नजर लागते, नुसती पाना फिरवायची ताकद नव्हे, वगैरे. इंद्रायणीबाईंना त्यांनी व्हॅनसाठी नवीन जाकीट शिवायला सांगितलं, आणि ह्या खेपेला गोट दुहेरी.

रविवारी सकाळी जाकीट तयार झालं. इंद्रायणीबाईंनी दात लावून दोरा तोडला, जाकीट आबांच्या हातात दिलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"भाऊ, मी बाजीराव, कामशेतचा. जाकीटवाला."

"बोला, बोला! कसं हाय जाकीट?"

"जाकीट झ्याक हाय. पन गाडीला काय झालंय बगा. पाऊस सोडला तर आजवर एकदाबी बंद पडली न्हवती. आता गरम झाली का गप. थोडी निवली का चालू."

"टाकीचं झाकन बदला," आबा तात्काळ म्हणाले.

"बदललं की. कालच. तुमचं नाव लय ऐकलंय भाऊ, घिऊन येऊ का गाडी?"

आबा उत्तर देणार होते. तोंड उघडलंही होतं. पण नजर हातातल्या नव्या जाकिटावर गेली, तिथून दारातल्या व्हॅनवर, आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "थोड्या टायमानं फोन लावतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी जे केलं ते इंद्रायणीबाईंनी दारातून पाहिलं. व्हॅनची सीट उचलली, जाकीट चढवलं, नाडी घट्ट ओढली, इंजिन चालू करून स्टूल घेऊन समोर बसले. सलूनवाल्यानं हाक मारली तरी उठले नाहीत. गरम हवेनं त्यांची विजार हलत होती. बऱ्याच वेळानं इंजिन गप्प झालं. आबांनी नाडी सोडली, जाकीट ओढून काढलं, बोटं भाजली ती तोंडात घातली, आणि उघड्या कॉइलवर तांब्या ओतला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. चावी फिरवली. व्हॅन पहिल्या झटक्यात चालू झाली.

आबा परत स्टुलावर बसले. ज्या वस्तूवर आपण उभ्या हयातीत सगळ्यात जास्त फुशारकी मारली ती वस्तू डोळ्यांपुढं वाफाळत असताना माणसानं कसं बसावं, ह्याचा त्यांना सराव नव्हता.

सुहास आंघोळ करून ओट्यावर आला होता. आबांनी फोन लावला, स्पीकर तसाच.

"बाजीराव, ते जाकीट काढा."

"आँ? काढून दुसरं बसवू का?"

"काय बसवू नका. उघडी राहू द्या कॉइल. आत उष्णता कोंडती. हितं यायाची गरज न्हाई, गाडी आपोआप चालंल."

"मंग भाऊ, तुमी दिलं कशाला मला?"

पलीकडे भाजीबाजाराचा कलकलाट ऐकू येत होता. आबांनी घसा खाकरला. बाजीरावला हाही पावसाचाच काहीतरी प्रकार आहे म्हणून सांगता आलं असतं, आणि त्यानं मानलंही असतं. "मला म्हाईत न्हवतं," आबा म्हणाले.

इंद्रायणीबाई दारात थांबल्या. एवढी वर्षं वाट बघितलेली गोष्ट कानावर पडली तर टोमणा मारायचा असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण आबांच्या तोंडाकडे बघून त्यांना कीव आली. त्या आत गेल्या आणि मशीनवर कापडाचं झाकण घातलं.

सुहास ओट्यावरच वर्तमानपत्र वाचत बसला. आबांना वाटलं, ह्याच्या लक्षात आलं नसावं. पण पान काही त्यानं उलटलं नाही.

सोमवारी सुहास लोकलनं कामावर गेल्यावर आबा घरामागं गेले. निळं प्लॅस्टिक उन्हापावसानं फाटलं होतं. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा नव्हती, साखळीवर गंज होता. त्यांनी ती ओढत शेडमध्ये आणली, टाकी काढली. जाकीट होतं. नाडीची गाठ त्यांचीच, डेपोत शिकलेली, न सुटणारी. आतलं घोंगडीचं अस्तर भाजून कॉइलला चिकटलं होतं, चाकूनं खरवडावं लागलं.

खरवडताना त्यांना एक दिवस आठवला. सुहास वडगावहून येताना शेवटचा टप्पा भर उन्हात गाडी ढकलत आला होता, घामानं पार भिजून. घरात पाहुणे बसले होते. आबा त्यांच्याकडे बघून म्हणाले होते, "हा बघा आमचा ड्रायवर." पाहुणे हसले होते. पोरगं आत निघून गेलं होतं. आबांच्या हातातला चाकू थांबला. त्यांना लाज वाटली, अगदी सरळ लाज, जिला पेट्रोल किंवा घाट असं काही कारण देता येत नाही.

गाडी तयार व्हायला आठवडा लागला. नवी कॉइल, नवे टायर, साखळी, सगळं. जाकीट नाही. आबा फक्त सुहास कामावर गेल्यावर तिला हात लावायचे आणि तो यायच्या आत तिच्यावर गोणपाट टाकायचे. सुहास रोज संध्याकाळी त्या गोणपाटाशेजारून घरात जायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. बाप लेकाला फसवत होता आणि लेक फसवून घेत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी सुहास डबा घेऊन बाहेर पडला तेव्हा आबा ओट्यावर उभे होते. त्यांनी चावी पुढं केली.

"पैज मी जिंकलो न्हवतो," ते म्हणाले. "झाकनाचा काय संबंध न्हवता. शेडचं तू म्हनशील तसं."

सुहासनं चावीकडे बघितलं, मग शेडमध्ये पुसून उभ्या केलेल्या मोटारसायकलकडे. "आधी ही तळेगावला पोचतीय का बगू," तो म्हणाला. डबा हँडलला अडकवून त्यानं किक मारली.

आबांनी त्या सकाळी कुणाचीच गाडी बघितली नाही. आक्काबाई येऊन दोनदा बोलून गेल्या. सलूनवाल्यानं दाढीला बोलावलं, आबा हातानंच नको म्हणाले. आता कार्ला गेला असेल, आता खिंड. आता वडगाव. वडगाव मनात आल्यावर ते उठून उभे राहिले आणि फोन हातात धरून शेडच्या दाराशी येऊन थांबले.

फोन वाजला.

"आबा, पोचलो."

"बंद पडली?"

"न्हाई."

"वडगावला?"

"कुटंच न्हाई. मागचा ब्रेक तेवढा लागत न्हाई नीट. संध्याकाळी बगा. शेडमधीच आनून लावतो."

आबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला की शेडचा निकाल लागलाय, आणि तो त्यांनी दिलेला नाही. पलीकडे सुहास "हॅलो, हॅलो" करत होता.

"म्हंजी," आबा म्हणाले, "तुला गाडी चालवता येती." आणि हे ते रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.